पंधरा सामन्यांच्या रेघा

मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही ज्या लोखंडी वस्तूवर डबे ठेवता, ती मी. तुमच्यातले काही जण मला मोडकी हातगाडी म्हणतात. परवा एक जण बाबागाडी म्हणाला. मला राग नाही, कारण तुम्ही विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आज सांगते. मी एक जुनी फक्कीगाडी आहे. मैदानावर ज्या पांढऱ्या रेघा असतात, ज्यांच्यावरून तुम्ही ‘आत होता’, ‘बाहेर होता’ म्हणून घसा फोडता, त्या मारणे हे माझे काम. आणि स्वतःच्या तोंडाने सांगायला संकोच वाटतो, पण देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगचा एक अख्खा मोसम मी मैदानात काढला आहे. घरच्या मैदानावरचे पंधराच्या पंधरा सामने.

माझा जन्म खिडक्यांचे गज आणि शिड्या करणाऱ्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. एक टाकी, चालायला तीन चाके आणि रंगात बुडून जमिनीवर ठसा उमटवायला चौथे. वेल्डरने माझी उजवी मूठ डावीपेक्षा बोटभर आखूड केली, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढते. क्लबचे लोक मला परत पाठवायला निघाले होते. तेव्हा मैदानाची देखभाल करणारा एक तरुण माणूस म्हणाला, “राहू द्या. खोड कळली की माणसांशीसुद्धा जमतं.”

तो माझा माणूस. पुढची एकतीस वर्षे माझ्या मुठी त्याच्याच हातात राहिल्या. सुरुवातीला माझ्या टाकीत कोरडी फक्की असे, नंतर पाण्यात कालवलेला पांढरा रंग आला, पण माझे नाव बदलले नाही. त्याचे मात्र बदलले. खेळाडू त्याला फूटपट्टी म्हणू लागले आणि केस पिकले तशी फूटपट्टीकाका.

त्याची कामाची एक रीत होती. नवी रेघ मारायची तर दोन टोकांना दोन खिळे, मध्ये ताणलेली दोरी आणि दोरीला धरून मी. पण एकदा मारलेली रेघ चार दिवसांनी पुसट झाली की तिला दोरी लागत नाही. ती नजरेने गिरवायची. सगळ्या मैदानांवर असेच करतात. पहिली काही वर्षे दोरीचे दुसरे टोक त्याची बायको धरायची आणि त्यांची लहानगी मुलगी गोलच्या जाळ्यात बसून गवत उपटायची. ते उपटलेले गवत तो मुकाट्याने पुन्हा लावायचा. बायको गेल्यावर तो दुसऱ्या टोकाचा खिळा स्वतःच जाऊन ठोकू लागला. मैदानाची लांबी एकशे पाच मीटर. जायचे, ठोकायचे, परत यायचे. मी इकडे उभी राहून त्याची वाट पाही.

एवढी वर्षे आमचा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. मग एका वर्षी आमची पोरे काय जेवली कोण जाणे, ती जिंकतच सुटली आणि क्लब वरच्या लीगमध्ये गेला. गावजेवण घातल्यासारखा आनंद झाला. पण वरच्या लीगचे नियम वेगळे. आमचे मैदान चौसष्ट मीटर रुंद होते, तिथे अडुसष्ट लागत. म्हणून दोन्ही बाजूंच्या लांब रेघा दोन-दोन मीटर बाहेर सरकवायच्या ठरल्या. उन्हाळाभर नवी हिरवळ लावली आणि दोरी ताणून नव्या रेघा मारल्या. जुन्या रेघांना रंग देणे बंद झाले. पण एकतीस वर्षे जिथे रंग पडला आणि पाऊल पडले, तिथे गवताचा रंग निराळाच राहतो आणि जमीन किंचित दबलेली असते. पाहुण्याला कळणार नाही. आम्हा दोघांना कळे.

मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी दोन दिवस पाऊस झाला आणि नव्या रेघा फिक्या पडल्या. सामन्याच्या सकाळी तो नेहमीसारखा एकटाच गिरवायला निघाला. अर्ध्यापर्यंत ठीक चालले होते. मध्यरेघ ओलांडली, मी डावीकडे ओढत गेले आणि माझे पुढचे चाक हळूच त्या जुन्या दबलेल्या पट्टीत उतरले. मला वाटले, आता तो मला बाहेर ओढील. त्याने ओढले नाही. त्याचे पाय त्या पट्टीला सरावलेले, माझी चाके सरावलेली. आम्ही दोघे मजेत चालत राहिलो आणि कॉर्नरच्या झेंड्यापासून दोन मीटर आत जाऊन थांबलो.

सामन्याला दोन तास असताना आमचा गोलकीपर अंग मोकळे करायला आला. हा सहा फूट दोन इंचांचा गडी तोंडाचा फार फटकळ. त्याने झेंड्याकडे पाहिले, रेघेकडे पाहिले आणि ओरडला, “काका, हा झेंडा काय रुसून माहेरी गेला का?”

सगळे हसले. पंच मात्र हसले नाहीत. रंग ओला होता म्हणून निभावले. राखीव खेळाडूंनी बादल्या आणि झाडू घेतले, अर्धी रेघ धुऊन काढली आणि त्याने दोरी लावून नवी मारली. सामना वेळेवर सुरू झाला. पण लीगचे ताकीदपत्र दोन दिवसांत आले.

ते पत्र घेऊन क्लबचे चिटणीस आमच्या अवजारांच्या खोलीत आले.

“फूटपट्टी, मी ओरडायला आलेलो नाही.”

“मग चेहरा एवढा लाल का तुमचा?”

“रक्तदाब आहे. विषय बदलू नका. पुन्हा असं झालं तर मला ते आपोआप चालणारं यंत्र आणावं लागेल. त्या कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेलाय.”

तो माझी टाकी पुसत होता. पुसतच म्हणाला, “एवढा मोसम जाऊ द्या, साहेब. एकतीस वर्षं या एका मोसमाची वाट बघितली. चौदा सामने राहिलेत. ते मारतो आणि मुठी खाली ठेवतो.”

“चौदा. एकही वाकडी रेघ नाही.”

“नाही.”

चिटणीस गेले. तो बराच वेळ माझी तीच बाजू पुसत राहिला. तेव्हा मला समजले, की त्या सकाळी तो सवयीने चुकला नव्हता. सवयीच्या आधाराने चालला होता.

त्याची मुलगी आता मोठी झाली होती. ती वाचनालयात नोकरी करायची आणि बसने चार थांबे लांब राहायची. पहिल्या सामन्याला ती प्रेक्षकांत होती. पुढच्या घरच्या सामन्याच्या सकाळी ती जुने बूट घालून दारात हजर.

“तू कशाला आलीस?”

“घरात कंटाळा आला.”

“शनिवारी वाचनालय बंद असतं होय?”

“बदली सुट्टी घेतलीय. दोरी कुठंय?”

तिने दोरी घेतली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथून तिने हाक मारली, “बाबा, कुठला हात वर केलाय सांगा.”

“उजवा!” तो ठणठणीत आवाजात म्हणाला.

तिचे दोन्ही हात खाली होते. वाकून ती खिळ्याला दोरी गुंडाळत होती. माझ्या जागेवरून मला ते स्वच्छ दिसत होते. तिने गाठ पक्की केली, उभी राहिली आणि सगळे मैदान चालत आमच्यापर्यंत आली. तिला यायला वेळ लागला. तो तोवर हलला नाही.

“हात वर नव्हता का?” त्याने विचारले.

“नव्हता.”

“मला वाटलंच.”

“आज रेघा आहेत,” ती म्हणाली. “सोमवारी डॉक्टरांकडे जायचं.”

डॉक्टरांकडे काय झाले ते मी पाहिले नाही. मंगळवारी अवजारांच्या खोलीत दोघे बसले, तेव्हा ऐकले. काचबिंदू. त्याच्या दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती, समोरचे तेवढे दिसे, तेही लोखंडी नळीतून पाहावे तसे आणि लांबचे धूसर. गेलेले परत येणार नव्हते. उरलेले थेंबांनी टिकवता येणार होते, रोज न चुकता दोनदा घातले तर.

“चिटणीसकाकांना सांगून टाका,” मुलगी म्हणाली.

“सांगितलं की उद्या यंत्र येईल.”

“आणि न सांगता पुन्हा रेघ चुकली तर?”

“दोरी असली तर चुकत नाही. शनिवारी चुकली का?”

ती बोटे मोजत म्हणाली, “मी प्रत्येक सामन्याला येणार. दोरीशिवाय एकही रेघ मारायची नाही, पुसट गिरवायचीसुद्धा नाही. थेंब मी विचारीन तेव्हा घातलेले असले पाहिजेत. आणि शेवटचा सामना झाला की तुम्ही स्वतः त्यांना सांगायचं. मी नाही, तुम्ही. शपथ घ्या.”

“शपथ कशाला? बाप आहे मी तुझा.”

“म्हणूनच.”

त्याने शपथ घेतली.

मित्रांनो, मग आमचे काम दुप्पट झाले आणि मला ते आवडू लागले. मैदानात सतरा रेघा असतात, वर्तुळ आणि कमानी वेगळ्या. वर्तुळाची काळजी नव्हती. मध्ये खुंटी, तिला दोरी बांधून फिरले की ते आपोआप होते. खरी परीक्षा सरळ रेघांची. त्याने एक युक्ती काढली. दोरी इतकी जवळ ताणायची, की माझ्या पुढच्या लोखंडी पट्टीला ती घासत राहील. घासली की बारीक कुरकुर होई. मी डावीकडे ओढले की कुरकुर थांबे आणि त्याच क्षणी तो मला जागेवर आणी. माझी जी खोड वेल्डरने दिली होती, तिच्यावर आता दोघांचे कान लागले होते. इतके लक्ष मला कधीच कोणी दिले नव्हते.

आमचा संघ तसा बेताचाच. शरद संपेपर्यंत चार जिंकले, सात हरले. थंडीत गवतावर दव गोठे, रंग घट्ट होई, मुलगी तळहातांवर फुंकर मारत दोरी धरी. लीगचा तपासनीस एकदा न सांगता आला, फीत घेऊन सगळे मोजले, आणि जाताना म्हणाला, “हाताने मारलेल्या रेघा आहेत, हे सांगून पटणार नाही.” त्या दिवशी माझा माणूस मला धुताना शीळ घालत होता. शीळ त्याला येत नसे.

गोलकीपर रोज काहीतरी खोडी काढायचाच. “ताई, तुम्ही आमच्या फॉरवर्डपेक्षा जास्त पळता. चिटणिसांना सांगून नाव घालू का?” मोसमाच्या शेवटी आमची गत काठावर आली, तेव्हा तो हळूच वाकून म्हणाला, “काका, माझ्या मागची गोलरेघ जरा जाड मारा ना. चेंडू पूर्ण पलीकडे गेला तरच गोल. तेवढाच आपला फायदा.”

“बारा सेंटिमीटर,” तो म्हणाला. “खांब जेवढा जाड, तेवढीच रेघ. फायदा हवा असेल तर रात्रीचा भात कमी कर आणि वेळेवर उडी मार.”

होता होता शेवटचा सामना आला. घरच्याच मैदानावर. हरलो तर खाली, बरोबरी झाली तरी वर राहणार, असा हिशेब होता. चिटणिसांचा रक्तदाब मला दारातून दिसत होता.

त्या सकाळी मुलगी आली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी रंग भरून तयार. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता. साडेनऊला चिटणीस डोकावले.

“फूटपट्टी, बसलात काय? काम कधी करणार?”

“दोरी यायचीय.”

“दोरी तर तुमच्या मांडीवर आहे!”

“दुसरं टोक यायचंय.”

चिटणीस काहीतरी पुटपुटत गेले. मग तो उठला. माझ्या मुठी धरल्या आणि मला बाहेर काढले. रेघा तशा दिसण्याइतक्या होत्या, फक्त गिरवायच्या होत्या. वेळ सरत चालला होता आणि हा मोसम वाया जाणे त्याला परवडणारे नव्हते. आम्ही तीन पावले गेलो. चौथे पाऊल त्याने उचलले, तसेच ठेवले आणि मला उलटे ओढत परत दारात आणले. पुन्हा बादलीवर बसला. मित्रांनो, तो माझ्याबरोबर हजारो मैल चालला असेल, पण तेवढी अवघड तीन पावले मी पाहिली नाहीत.

दहाला मुलगी धावत आली. तिची बस वाटेत बंद पडली होती आणि उरलेले अंतर ती पळत आली होती. आम्ही लागलो कामाला.

उत्तरेकडची गोलरेघ शेवटची राहिली. तिच्या मध्यावर माझी कुरकुर एकदम थांबली. तो थांबला.

“चला ना बाबा, पंच आलेत.”

“नाही. आवाज गेला. बघ काहीतरी.”

मुलगी वाकली. गवताच्या एका झुबक्यात दोरी अडकून दोन बोटे बाजूला सरकली होती. तिने ती सोडवली, पुन्हा ताणली, आणि मगच आम्ही पुढे गेलो.

सामना सुरू झाल्यावर आम्ही तिघे उत्तरेच्या गोलजवळ, खोलीच्या दारात उभे होतो. पहिल्या अर्ध्यात त्यांनी गोल केला. दुसऱ्यात आम्ही फेडला. एक-एक. पाचच मिनिटे उरली असताना त्यांच्या कॉर्नरवरून कोणीतरी डोके लावले, चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला लागला आणि सरळ खाली आदळला. गोलकीपर त्याच्यावर पडला. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. माझी डावी मूठ त्याने घट्ट धरली.

“काय झालं गं?”

“चेंडू दांडीला लागून खाली आला. रेघेवरच.”

“आत की बाहेर?”

“कळत नाहीये. ते गोल म्हणतायत. पंच कानाला हात लावून उभे आहेत. आता मोठ्या पडद्यावर दाखवणार.”

पडद्यावर चित्र आले, वरून घेतलेले, खूप मोठे करून. गवताचे एक एक पाते दिसत होते. सगळ्या देशाने त्या दिवशी माझे काम इतक्या जवळून पाहिले.

त्याने चेंडूचे विचारले नाही. त्याने विचारले, “रेघ कशी आहे?”

“दोरीसारखी आहे, बाबा,” ती म्हणाली. “या खांबापासून त्या खांबापर्यंत.”

“आणि चेंडू?”

“बोटभर अजून रेघेवर आहे.”

पंचांनी हात हलवला. गोल नाही. पाच मिनिटांनी शिट्टी वाजली आणि आमचा क्लब वर राहिला. गोलकीपरने येऊन आधी दांडीचा मुका घेतला, मग त्याचा. माझा घेणार होता, पण मी रंगाने बरबटलेली होते.

चिटणीस आले, तेव्हा त्यांचा घसा बसला होता. “फूटपट्टी, तुमच्या रेघेनं तारलं!”

“रेघ त्यांच्याही बाजूनं तेवढीच सरळ होती, साहेब. एक सांगायचंय.”

“आज काहीही सांगा.”

“मला दिसत नाही.”

चिटणीस हसले. मग त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसणे थांबवले. “कधीपासून?”

“पहिल्या सामन्याच्या आधीपासून.”

“म्हणजे तो झेंडा…”

“तोच.”

“आणि बाकीचे चौदा?”

“दोरीनं. हिनं धरली.”

चिटणीस बादलीवर बसले. “आणि मी इकडे लीगला पत्र धाडलंय, की उत्तम मैदानाचं पारितोषिक तुम्हाला द्या म्हणून!”

“मागे घ्या मग.”

“का घेऊ? रेघा वाकड्या होत्या का?” ते म्हणाले. “पण माझ्यापासून लपवलंत, याचा मला राग यायचाय. आज वेळ नाही. उद्या येईल.”

दुसऱ्या दिवशी ते खरोखर येऊन रागावले. चांगले अर्धा तास. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मुलीने दोघांना चहा दिला.

पारितोषिक दुसऱ्याच मैदानाला मिळाले. पुढच्या मोसमाला यंत्र आले. त्याने दिलेला शब्द पाळला, मुठी खाली ठेवल्या, आणि यंत्र चालवणाऱ्या नव्या माणसाला मैदानाचे सगळे चढउतार पायांनी चालून दाखवले. मी फाटक्या जाळ्यांमागे गेले. माझ्या टाकीत रंग वाळला, मुठीत कोळ्याने घर केले. वाईट वाटले का? थोडे वाटले. पण घरच्या प्रत्येक सामन्याला तो येई, आधी माझ्यापाशी येऊन मूठ चाचपून जाई. थेंबांनी त्याची ती नळीएवढी नजर शेवटपर्यंत टिकवली. तेवढ्यातून तो आणखी पाच मोसम सामने पाहू शकला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. काही दिवसांनी मुलगी क्लबात आली आणि तिने चिटणिसांकडे मला मागितले. घरी नेऊन तिने मला धुतले. सगळा रंग निघाला, पाणी स्वच्छ येऊ लागले, तरी ती धूत होती.

ती मुलगी तुमच्या माहितीची आहे. आता तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात बसते आणि तुम्ही तिला ‘हळू बोला’ बाई म्हणता. तिनेच मला इथे आणले. तिच्या हातांनी मी पुन्हा रेघा मारते, मैदान लहान आहे आणि खेळणारेही, पण रंग तोच आहे आणि रेघ बारा सेंटिमीटरचीच.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे तो असलेला माणूसही गप्प राहतो. तुमच्या घरात कोणी चहाचा कप ठेवण्याआधी टेबल चाचपत असेल, जिन्यात कठडा सोडत नसेल, दाराच्या चौकटीला खांदा घासत असेल, तर हसू नका. वर्षातून एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. ते नको म्हणतील. तरी न्या.

आणि उद्या तुमचा सामना आहे. मी पहाटेच काम उरकीन, पण रंग वाळायला वेळ लागतो. मैदानात येताना ओल्या रेघेवर पाय देऊ नका. वळसा घालून या. फार लांब पडत नाही.